पद्मिनीला रंग सगळ्यात शेवटी

नमस्कार मंडळी.

"घरात जुनी फियाट उभी आहे, तिचं काय करू?" हा प्रश्न मला अलीकडे फार वेळा विचारला जातो. कुणाच्या वडिलांची असते, कुणाच्या मामांची. सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हरखाली उभी, टायर बसलेले. भंगारवाला अधूनमधून येऊन किलोच्या भावानं मागून जातो. आजचं बोलणं त्या गाडीच्या मालकांसाठी आहे. ही गाडी घरच्या घरी दुरुस्त करून पुन्हा चालती करता येते आणि ते काम आत्ताच हाती घ्यायला हवं, एवढंच मला सांगायचं आहे.

'आत्ताच' का, ते आधी सांगतो. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डी बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट झालं, मग पद्मिनी. जाळी बदलली, दिवे बदलले, डॅशबोर्ड बदलला, पण मूळ सांगाडा आणि 1089 सीसीचं इंजिन तेच राहिलं. इतकी वर्षं एकच गाडी बनत राहिल्यामुळे एका सालचे कितीतरी भाग दुसऱ्या सालच्या गाडीला बसतात. घरी काम करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

हे सगळं जगवलं मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनं. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत छान फोटो आले, लोक हळवे झाले. पण टॅक्सीबरोबर तिच्यावर जगणारं गॅरेजही गेलं, याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. मुंबईच्या ऑपेरा हाउसचा सुट्या भागांचा व्यापारी व्हील सिलिंडरचे (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाचे) किट कपाटात भरून ठेवायचा, कारण टॅक्सीवाला दर आठवड्याला यायचा. इंजिनाच्या आवाजावरून कुठला टॅपेट (झडप हलवणारा भाग) सैल आहे हे सांगणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत, आणि त्यांची मुलं या धंद्यात नाहीत. त्यांच्या हातातली विद्या कुठे लिहिलेली नाही. म्हणून गाडी उघडायची असेल तर असा एखादा मिस्त्री शोधा, त्याला रविवारी घरी बोलवा, त्याची मजुरी मोकळ्या हातानं द्या आणि शेजारी उभं राहून शिका. ते गेल्यावर पैसे असून उपयोग नाही.

आता कामाकडे वळू. बहुतेक लोक सुरुवात रंगापासून करतात. डेंटिंग-पेंटिंगवाला गाडी घेऊन जातो, महिन्याभरात चकचकीत करून आणून देतो आणि दोन पावसाळ्यांत दाराखाली फुगे येतात. वरून कीर्तन, आतून तमाशा. फुगा आला म्हणजे लांबीच्या, म्हणजे रंगाआधी भरलेल्या पुट्टीच्या, खाली गंज जिवंत आहे.

पद्मिनीला वेगळी चॅसी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची ताकद आहे. म्हणून पहिलं काम म्हणजे सीट काढायच्या, मॅटिंग काढायचं, खालचा डांबरी थर खरवडायचा आणि पेचकसाच्या मुठीनं गाडीच्या आतली जमीन ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणतो. सडलेल्या जागी आवाज बसका येतो आणि पेचकसाचं टोक लावून दाबलं की आत जातं. ड्रायव्हरच्या पायाखाली, दाराखालच्या सिलमध्ये, जॅक लावायच्या जागी आणि डिकीत स्टेपनीखाली नक्की बघा. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. ती चिखलानं बुजली की काचेवरून उतरलेलं पाणी दारातच साठतं आणि दार आतून कुजतं. एक बारीक तार घेऊन ती भोकं मोकळी केलीत तर पुढची कित्येक वर्षं वाचतात. हे काम फुकटात होतं, आणि तरी कुणी करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

सिल कापायची वेळ आली तर थांबा. आधी दार लावून चारही बाजूंची फट मोजून लिहून ठेवा. मग दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल तात्पुरता वेल्ड करून घ्या, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) सपाट बसवा आणि मगच कापा. आधार न देता सिल कापली की सांगाडा मधोमध खचतो. मग नवा पत्रा त्या खचलेल्या मापातच वेल्ड होतो, आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही. वेल्डिंग तुम्हाला येत नसेल तर मिग वेल्डिंग करणाऱ्याला घरी बोलवा, पण अँगल लावल्याशिवाय त्याला कटर उचलू देऊ नका. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली कुणी जायचं नाही. आणि पेट्रोलच्या टाकीला घरी कुणीही ज्योत लावायची नाही. टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते.

पत्र्यानंतर ब्रेक. इंजिन सुरू करायची घाई सगळ्यांना असते, पण सुरू झालेली गाडी थांबायलाही हवी. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ब्रेक ऑइलनं हवेतलं पाणी ओढलेलं असतं. व्हील सिलिंडर उघडला की रबरी वॉशरच्या मागे तपकिरी चिखल दिसतो आणि पिस्टन जागच्या जागी आवळलेला असतो. तो हळूहळू बाहेर काढून आतल्या भिंतीवर बोट फिरवा. भिंत गुळगुळीत असेल तर नवं किट टाकून भागतं. नखाला खड्डा लागला तर सिलिंडर बदला किंवा लेथवाल्याकडून आत पितळी स्लीव्ह बसवून घ्या. ब्रेकचे रबरी होज (पाइप) तर डोळे झाकून नवे टाका. जुना होज बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतून फुगून बंद झालेला असतो. मग पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. एक सावधगिरी बाळगा, ब्रेक ऑइल रंगावर सांडू देऊ नका. रंग शेवटी ठेवायला हे आणखी एक कारण.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते दणकट आहे आणि त्याच्यावर काम करणारे अजून भेटतात. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं आहे. त्यामुळे हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेनं, टप्प्याटप्प्यानं आणि टॉर्कच्या पान्यानंच आवळायचे. अंदाजानं आवळलं की हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. बोअरिंग, हेड फेसिंग, क्रँक घासणं ही कामं घरची नाहीत. ती कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी चांगल्या लेथवर करून आणा. कार्ब्युरेटर, पॉइंट आणि प्लग मात्र घरच्या टेबलावर होतात आणि ते तुम्हीच करा. तिथेच गाडी कळायला लागते.

पंपावर आता इथेनॉलचं वीस टक्के मिश्रण असलेलं पेट्रोल मिळतं. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं आणि पाणी धरून ठेवतं. तेव्हा पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाका, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करा. गरम इंजिनावर पेट्रोल गळलं तर गाडी तर जळतेच, वरची इमारतही धोक्यात येते.

आता मूळपणाबद्दल, कारण इथे माझं मत ठाम आहे. स्टीअरिंगजवळचा गिअर काढून फ्लोअर शिफ्ट बसवणं, डिझेल इंजिन घालणं, रुंद टायर लावणं हे सगळं झालं की ती तुमच्या वडिलांची गाडी राहत नाही. काढलेला प्रत्येक स्क्रू पिशवीत घालून चिठ्ठी लावा. घासून पुन्हा वापरता येत असेल तर नवा आणू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मूळ हँडल मिळालं तर ते थोडं खरवडलेलं असलं तरी घ्या. आजचं नक्कली हँडल चकाकतं, पण दोन वर्षांत त्याचा मुलामा उडतो.

मूळपणाला आता कायद्याचीही जोड आहे. केंद्रानं 2021 साली नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपातली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क 20 हजार रुपये, आणि नोंदणी दहा वर्षं चालते. पण त्या नंबरावर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेली गाडी या नियमात बसत नाही. म्हणजे आज हौसेनं इंजिन बदललंत तर ही वाट तुम्हीच बंद केली. रोज चालवायची असेल तर जुन्या नोंदणीचंच साधं नूतनीकरण करा. त्यासाठी आरटीओत फिटनेस लागतं, आणि आधी सांगितलेले ब्रेक तिथे उपयोगी पडतात.

बाहेर माझी गाडी उभी आहे, बोनेट उघडं ठेवलं आहे. ज्यांच्या घरी पद्मिनी आहे त्यांनी आरसी बुकाचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर बरोबर घेऊन या. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर कुठे कोरलेला असतो ते दाखवतो. उद्या सकाळी घरी जाऊन आधी तेच ताडून बघा. नंबर जुळत नसले तर पत्र्याला हात लावायच्या आधी कागद दुरुस्त करून घ्यावे लागतील.