लाइन येईपर्यंत

(अंधार. दूर कुठंतरी टिनाचा पिपा वाजतो, थांबतो.)

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातलं हे माझ्या बहिणीचं वावर, म्हणजे शेत. पौष महिना आहे, हरभरा घाट्यावर आलाय. या दिवसांत रात्री वावरात माणूस लागतंच. रोही, म्हणजे नीलगाई, येतात, रानडुकरं येतात. एक कळप रात्रीतून फिरून गेला, तर सकाळी त्या पिकाकडं बघवत नाही. म्हणून जागल. त्यात या आठवड्यात लाइनची, म्हणजे मोटारीच्या विजेची, पाळीही रात्रीची, तेव्हा राखण आणि ओलीत, म्हणजे पिकाला पाणी देणं, एकाच जागरणात.

मचाणावर दोघं बसलेत, माझा भाचा आणि त्याचे आबाजी. भाचा नववीत आहे. त्याच्या तोंडावर पडलेला उजेड मोबाईलचा नाही.

(हातातल्या यंत्राचं जवळून दृश्य.)

पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेतून घेतलेला हा व्हिडिओ गेम. तळहातात मावणारा. खोक्यावर लिहिलं होतं, चारशे गेम. गावातले बाकी पोट्टे यावर मारिओ खेळतात. भाचा एकच खेळतो, बेसबॉल. मी विचारलं, हाच का? म्हणाला, "मामा, यात थांबा लागते."

त्या तीन शब्दांसाठी मी तीन रात्री कॅमेरा घेऊन इथं बसलो.

हा बेसबॉलचा गेम निंटेंडो या कंपनीनं डिसेंबर १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी काढला. पुढं १९८९ मध्ये त्यांचा हातात धरायचा गेम बॉय आला, चार पेन्सिल सेलवर चालणारा, तेव्हा त्याच्या अगदी पहिल्या गेममध्येही बेसबॉल होताच. भाच्याच्या हातात आहे तो जुना, १९८३ चा. त्याच्या आईच्या लहानपणातला.

सुरुवातीला संघ निवडायचा असतो. नावं नाहीत, नुसती इंग्रजी अक्षरं: सी, डी, डब्ल्यू, टी, जी, एस. भाच्यानं ती आपल्या परीनं लावून घेतली. डी म्हणजे दारव्हा. डब्ल्यू वणी, जी घाटंजी, टी तिवसा, सी चांदूर, एस शेगाव. वर्षभर त्याची दारव्हा-घाटंजी अशी मॅच चाललीय. खरं म्हणजे ही अक्षरं जपानच्या सेंट्रल लीगमधल्या सहा संघांची आहेत. सी म्हणजे हिरोशिमाचा कार्प, टी म्हणजे हानशिन टायगर्स, जी म्हणजे टोकियोचा जायंट्स. मी त्याला हे सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, आणि पुन्हा डी निवडून घाटंजीविरुद्ध खेळायला बसला. मला ते फार आवडलं.

नियम त्याला कुणी शिकवले नाहीत. आपल्याकडचं पोरगं क्रिकेट घेऊनच मोठं होतं. विदर्भानं २०१७-१८ ला पहिल्यांदा रणजी जिंकली, तेव्हा हा अगदी लहान होता, पण त्या अंतिम सामन्याची गोष्ट याला पाठ आहे. तर क्रिकेटची सवय लागलेला हात प्रत्येक चेंडूवर बटण दाबायचा. तीन स्ट्राइक, म्हणजे तीनदा चेंडू हुकला, की आउट. पुन्हा तीन, पुन्हा आउट. मागं कट मारावा तर तो फाउल. क्रिकेटमध्ये ज्या फटक्यावर टाळ्या पडतात, तो इथं वाया जातो. कितीतरी रात्री तो नुसता हरला. मग एकदा हात आखडला असताना, काहीच न करता, त्याचा खेळाडू आपोआप पहिल्या बेसवर चालत गेला.

आबाजींनी तेव्हा विचारलं होतं, "मारलं नाही, तरी चालला कुठी थो?"

"त्यानं चार खराब टाकले, आबाजी. आपण हात नाही लावला. म्हून भेटलं."

आबाजी काही बोलले नाहीत, शेकोटीत पऱ्हाटी, कपाशीची वाळली काडी, सारली. पण त्यांचाही असाच एक नियम आहे. पाचोळा वाजला की लगेच बॅटरी मारायची नाही, पिपा वाजवायचा नाही. रोही उजेडाला सरावतो, आवाजाला सरावतो, आणि मग खरंच पिकात शिरतो तेव्हा हटत नाही. तो पार धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत, येऊ द्यायचा. दिसला की मग एकदम.

(यंत्राच्या बटणांवर अंगठे.)

आता बघा. समोरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, चेंडू वळवतोय. टाकायची पाळी आली की भाचाही हेच करतो: खालचं बटण दाबलं तर चेंडू जोरात जातो, वरचं दाबलं तर हळू, डावं-उजवं दाबलं की वळतो. क्षेत्ररक्षक आपले आपण धावतात. चेंडू कोणत्या बेसवर फेकायचा, तेवढं आपल्या हाती. उजवीकडं पहिला, वर दुसरा, डावीकडं तिसरा, खाली घर, म्हणजे बॅटवाला उभा असतो ती जागा.

खरा बेसबॉल त्यानं कधी हातात धरलेला नाही. शालेय स्पर्धांच्या यादीत हा खेळ आहे, पण याच्या शाळेत एक ग्लोव्हही नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी त्याला सांगितलं, पिचर आणि घर यांत साडेसाठ फूट अंतर असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं खळ्यात क्रिकेटची बावीस यार्डांची पट्टी मोजली, छासष्ट फूट. तिथून दोन पावलं आत आला आणि टाचेनं रेघ ओढली. बांधावरच्या झाडाखाली गळून पडलेली संत्री उचलली. साधारण तेवढाच आकार. पाच-सहा पोट्टे जमले, तुऱ्हाटीची, तुरीच्या वाळल्या काडीची, बॅट झाली. तुऱ्हाटी दुसऱ्याच संत्र्याला मोडली, पण पहिलं संत्रं पार गोठ्याच्या टिनावर जाऊन फुटलं.

(पुन्हा रात्र.)

साडेबारा. नववी इनिंग. दारव्हा चार, घाटंजी तीन. एवढ्यात मोटारीच्या खोपडीवरचा दिवा लागतो. लाइन आली.

आबाजी कानटोपी सावरत उठतात आणि हात पुढं करतात. या यंत्रात साध्या बटणाच्या मोबाईलची, बीएल-५सी बॅटरी बसते, आणि घरात ती एकच आहे. आबाजी मोटारीपाशी, पोरगं दंडाच्या, पाण्याच्या पाटाच्या, टोकाला, मधे अंधार. पाणी कुठवर आलं हे फोनवरच विचारावं लागतं. हा गेम सेव्ह होत नाही. भाचा कुरकुरत नाही. झाकण सरकवतो, बॅटरी काढतो, आबाजींच्या फोनमध्ये बसवून देतो.

मग शेकोटीतला विझका कोळसा घेऊन मचाणाच्या फळीवर लिहितो. फळीवर अशा बऱ्याच ओळी आहेत, एकाखाली एक.

"डी ४, जी ३. लाइन आली."

आणि फावडं घेऊन उतरतो.