कातडीचे शेत

मुरमांच्या मलमाची एक साधी ट्यूब घ्या. ती लिहून देताना डॉक्टर बजावतात की रात्री तोंड धुऊन पूर्ण कोरडे झाल्यावर मटाराच्या दाण्याएवढेच मलम चेहऱ्यावर पसरायचे, पहिले काही आठवडे कातडी लाल होऊन सोलवटली तरी घाबरायचे नाही आणि दिवसा उन्हाला जपायचे. ट्यूबवर नाव असते ट्रेटिनॉइन. हे औषध मुरमांच्या उपचारात आणणारे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांचा जन्म 1916 मध्ये फिलाडेल्फियात झाला, आणि डॉक्टर होण्याआधी ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांची डॉक्टरेट बुरशींवर होती.

बुरशी हाच त्यांच्या दोन्ही आयुष्यांना जोडणारा धागा ठरला. 1951 मध्ये फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या पायांना बुरशीमुळे होणाऱ्या चिखल्यांनी ग्रासले, तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून क्लिगमन यांना बोलावण्यात आले. त्या पहिल्या भेटीविषयी त्यांनी पुढे 1966 मध्ये एका वार्ताहराला सांगितले की समोर आपल्याला एकरच्या एकर कातडी दिसली आणि सुपीक शेत प्रथमच पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखे वाटले. कैदी आजारी आहेत हे त्या वाक्यात कुठेच नाही. पुढची दोन दशके, 1974 पर्यंत, ते याच शेतात राबले.

मुरूम म्हणजे चेहऱ्यावरचा मळ, अशी समजूत तेव्हा होती आणि आजही घरोघरी आहे. प्रत्यक्षात केसाच्या मुळाशी असलेल्या नळीत मृत पेशी एकमेकींना चिकटून बूच बसते, मागे तेल साठत जाते, त्यात जिवाणू वाढतात आणि मग सूज येते. ट्रेटिनॉइन हे व्हिटॅमिन ए पासून बनलेले आम्ल; ते त्वचेवर लावण्याचे प्रयत्न जर्मनीत आधीच झाले होते. क्लिगमन यांनी हेरले ते असे, की या औषधाने पेशी सुट्या होतात आणि बूच सैल पडते, म्हणजे मुरूम फुगण्याआधीच त्याला गाठता येते. कातडी सोलवटते म्हणून ते टाकून न देता मात्रा आणि चिकाटी यांचा मेळ घालावा लागतो. जेम्स फुल्टन आणि गेर्ड प्लेविग यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध 1969 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1971 मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्याच वर्षी, 1969 मध्ये, याच तिघांनी चॉकलेटने मुरूम येतात का हेही तपासले. 65 जणांना चार आठवडे चॉकलेटची वडी आणि चार आठवडे तशीच दिसणारी दुसरी वडी देण्यात आली. फरक आढळला नाही, आणि 'चॉकलेट निर्दोष' हा निकाल पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळपास तेवढेच होते, आणि प्रयोगाला चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचे साहाय्य होते, हे मात्र मागाहून कोणाला तरी मोठ्याने म्हणावे लागले. सहभागींपैकी निम्म्याहून अधिक कैदीच होते.

तुरुंगात पाठीवर चौकोन आखून त्यांत सौंदर्यप्रसाधने, मलमे, रसायने लावली जात आणि त्यासाठी काही डॉलर मिळत. यातले बरेच जण कृष्णवर्णीय होते, आणि जामिनाचे पैसे नाहीत म्हणून खटल्याची वाट पाहत आत असलेलेही अनेक होते. अशा माणसाच्या 'होकारा'ला किती अर्थ उरतो, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही. एका रसायन कंपनीसाठी डायऑक्सिन हे विषही कैद्यांच्या कातडीवर लावले गेले. क्लिगमन यांनी ठरलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी पट अधिक मात्रा दिली आणि पुटकुळ्या उठल्या.

त्यांचे आणखी एक काम आपल्या घरापर्यंत पोहोचले आहे. 1975 मध्ये त्यांनी त्वचेचा रंग फिका करणारे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सूज कमी करणारे एक स्टिरॉइड एकत्र करून डाग फिके करणारे मलम सुचवले. गालांवर वांग आलेल्या बायकांना आजही त्याच धर्तीचे मलम काही आठवड्यांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली दिले जाते. भारतात मात्र अशी मलमे गोरेपणाची क्रीम म्हणून दुकानातून थेट घेतली जाऊ लागली, महिनोन्‌महिने लावली गेली, आणि चेहरा पातळ, लाल, थांबवताच भडकणारा होऊन बसला. 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची बहुतेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. गल्लीतल्या दुकानात जाऊन ती कितपत पाळली जाते ते कोणीही पाहू शकेल.

क्लिगमन 2010 मध्ये वारले. आपण त्या काळच्या रीतीप्रमाणेच वागलो, ही त्यांची भूमिका होती. जवळपास 300 माजी कैद्यांनी भरलेला दावा मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून फेटाळला गेला होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने 2021 मध्ये माफी मागितली आणि त्यांच्या नावाचे वार्षिक व्याख्यान बंद केले. फिलाडेल्फिया शहराने माफी मागितली ती 2022 मध्ये. तोपर्यंत त्या पाठींपैकी बऱ्याच पाठी मातीआड गेल्या होत्या.