पंखा फिरतोय तरी गाडी तापतेय

गाडी पळत असते तोवर टेम्परेचरचा काटा गुपचूप मधोमध बसलेला असतो. ट्रॅफिकमध्ये जरा अडकलो की तोच काटा हळूहळू वर सरकायला लागतो आणि मग आपलं लक्ष रस्त्यावर कमी, काट्यावर जास्त. पळत्या गाडीला समोरून हवा फुकटात मिळते, उभ्या गाडीला ती पंख्यानेच खेचून द्यावी लागते. म्हणजे नुसती उभी असताना तापणारी गाडी दिसली की पहिला संशय पंख्यावर, आणि तो बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण "पंखा गेला" असं म्हणून नवीन मोटर आणून बसवायची आणि गाडी परत तापायची, हा प्रकार जुन्या गाड्यांच्या बाबतीत इतका होतो की आजचा सगळा व्हिडिओ त्यावरच आहे. मोटर बहुतेक वेळा ठीक असते हो, तिच्यापर्यंत करंट पोचत नसतो.

थोडं मागे जाऊ. पूर्वी पंखा सरळ वॉटर पंपाच्या पुलीवर बसायचा, बेल्टवर फिरायचा, त्यात इलेक्ट्रिकचा काही संबंधच नव्हता. 1961 मध्ये जॅग्वार ई-टाइप आली तेव्हा तिच्यात इलेक्ट्रिक पंखा होता, पण तो तेव्हा अपवाद. खरा बदल झाला तो इंजिन आडवं बसायला लागल्यावर. आडव्या इंजिनाची पुली गाडीच्या बाजूला तोंड करते आणि रेडिएटर तर समोर हवा, मग बेल्ट न्यायचा कुठून? 1959 च्या मिनीत ती बनवणाऱ्यांनी रेडिएटरच बाजूला, चाकाच्या कमानीजवळ नेऊन ठेवला. 1969 ची फियाट 128, 1974 ची फोक्सवॅगन गोल्फ यांनी रेडिएटर समोर ठेवला आणि त्याच्यामागे इलेक्ट्रिक पंखा लावला, आणि पुढे सगळ्यांनी तेच केलं. म्हणजे आज ज्यांना आपण क्लासिक म्हणतो त्यातल्या भरपूर गाड्यांमध्ये पन्नासेक वर्षं जुनी वायरिंग एका भुकेल्या मोटरला करंट पुरवतेय.

भुकेली का म्हणतोय, तर असा पंखा फिरताना साधारण आठ-दहा अँपिअर घेतो, मोठा असला तर त्याहून जास्त, आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. आता जुन्या ब्रिटिश गाड्यांतला लुकास कंपनीचा, बॅटरी चार्ज करणारा सी-40 डायनामो घ्या, त्याची पूर्ण ताकद 22 अँपिअर, आणि आयडलिंगवर तर तो जवळपास काहीच देत नाही. म्हणजे ज्या वेळी पंखा सगळ्यात जास्त लागतो नेमका त्याच वेळी तो बॅटरीवर जगत असतो. अशा सर्किटमध्ये कुठे अर्धा व्होल्ट जरी गळला तरी चालत नाही.

(दृश्य: बॉनेट उघडं, कॅमेरा रेडिएटरच्या मागून पंख्यावर.)

हात घालण्याआधी एक सांगतो. हा पंखा कधीही सुरू होऊ शकतो, काही गाड्यांमध्ये चावी काढल्यावरसुद्धा. बोटं, बाह्या, गळ्यातलं काही असेल ते, सगळं लांब ठेवा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं, झाकण सैल केलं की त्याच क्षणी उकळून अंगावर येतं.

आता पहिला प्रश्न: पंख्याला कोणी "फिर" असं सांगितलंय का? हे सांगायचं काम थर्मोस्विचचं. रेडिएटरच्या टाकीत एक पितळी स्विच बसवलेला असतो, आत दोन धातूंची पट्टी, ती ठरावीक तापमानाला वाकते आणि सर्किट जोडते, बऱ्याच गाड्यांत 92 अंशांच्या आसपास चालू आणि 87 च्या आसपास बंद. त्याच्या दोन्ही वायरी काढून मध्ये फ्यूज असलेल्या वायरीच्या एका तुकड्याने, म्हणजे जंपरने, एकमेकींना जोडा, इग्निशन ऑन करा. पंखा फिरला? मग मोटर, फ्यूज, वायरिंग निदान जिवंत तरी आहे. स्विचला एकच वायर असेल तर ती वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीला, लावून बघा, कारण तिथे स्विचची बॉडी हीच अर्थ असते. आणि हो, अशा एका वायरीच्या स्विचच्या आट्यांवर कोणी गळती थांबवायला टेप गुंडाळून ठेवली असेल तर अर्थच तुटलेला असू शकतो, स्विच बिचारा चांगला.

पण थांबा, पंखा फिरला म्हणून लगेच स्विचला फाशी देऊ नका. रेडिएटरला वरून खालपर्यंत हात जवळ नेऊन बघा. इंजिन उकळायला आलंय आणि रेडिएटर कोमट? मग थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडत नाहीये, गरम पाणी रेडिएटरपर्यंत येतच नाहीये, आणि स्विच त्याच्या जागी अगदी बरोबर वागतोय, त्याच्या दृष्टीने सगळं थंडच आहे. पाणी कमी असलं किंवा स्विचच्या जागी हवा अडकली तरी तसंच, स्विच पाण्यात नाही तर हवेत बसलेला असतो आणि हवेतून त्याला उष्णता नीट लागत नाही. शंका असेल तर स्विच काढून भांड्यात पाणी तापवा, स्विचचं टोक बुडवा, थर्मामीटर ठेवा, मल्टीमीटर बीपवर, म्हणजे सर्किट जुळलं की वाजेल असा. कधी वाजतो ते ऐका. इतकं सोपं आहे, तरी लोक आधी नवीन स्विच मागवतात.

मीटरवरून आठवलं. एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. काही गाड्यांत थर्मोस्विच मोटरच्या आधी असतो, काहींत मोटरच्या नंतर, अर्थच्या बाजूला. दुसऱ्या प्रकारात पंखा बंद असताना मोटरच्या दोन्ही टर्मिनलवर बारा व्होल्ट दिसतात, कारण खाली रस्ता बंद आहे आणि करंट वाहतच नाहीये. माणूस मीटर लावतो, म्हणतो "बारा येतायत तरी फिरत नाही, म्हणजे मोटर जळली." अरे, दोन्हीकडे बारा म्हणजे मोटरला शून्य मिळतंय.

आता येऊ खऱ्या आजाराकडे. पंखा फिरतोय, पण मरगळलेला. आवाज नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत, रेडिएटरसमोर कागद धरला तर नीट चिकटत नाही. आपल्या आजच्या गाडीचं हेच दुखणं आहे.

इथे बहुतेक जण मल्टीमीटर बीपवर ठेवून एकेक वायर तपासतात, सगळीकडे बीप वाजतो, आणि वायरिंगला क्लीन चिट मिळते. पण मीटर त्या तपासणीत अगदी नाममात्र करंट सोडतो. वायरीतल्या तीस धाग्यांपैकी एकोणतीस तुटलेले असले तरी उरलेल्या एका धाग्यावर बीप वाजणारच. दोरीला वजन न टांगताच ती मजबूत आहे म्हणण्यासारखं झालं हे. तपासायचं ते पंखा फिरत असताना, पूर्ण लोडवर, आणि ओहममध्ये नाही, व्होल्टमध्ये.

कसं ते बघा. इंजिन चालू, जंपर लावून पंखा फिरता ठेवलाय. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर: 13.6. मग मोटरच्या कनेक्टरवर, मागून पिन घालून, कनेक्टर न काढता: 10.9. म्हणजे वाटेत 2.7 व्होल्ट गायब. ते हवेत जात नाहीत, कुठेतरी उष्णता होऊन बसलेत, आणि आपल्याला फक्त ती जागा शोधायचीय. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर ठेवायची आणि दुसरी प्लसच्या वाटेने पुढे पुढे सरकवत न्यायची. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे चोर.

बॅटरी ते फ्यूज बॉक्सची आतली बाजू, 0.1. चांगलं. फ्यूजच्या पलीकडची बाजू, 1.4.

(दृश्य: फ्यूज बॉक्स अगदी जवळून.)

हा बघा. काचेचा फ्यूज, आतली तार शाबूत, बाहेरून बघून कोणीही म्हणेल ठीक आहे. पण टोपी बघा, चमक गेलीय, करडी पडलीय, आणि क्लिपचा पितळी पाय एका बाजूला तपकिरी-जांभळा झालाय, तो रंग तापून तापून आलाय. क्लिपचा ताणही गेलाय, बोटाने फ्यूज गोल फिरतो. आणि खालचं प्लास्टिक किंचित वाकलंय. हिशोब करा: या एका जागी 1.3 व्होल्ट, करंट नऊ अँपिअरच्या आसपास, गुणाकार केला तर बारा वॅट. शेंगदाण्याएवढ्या जागेत बारा वॅट, सतत. प्लास्टिक वितळणार नाही तर काय.

क्लिपा काढून एमरी पेपरने घासल्या, पक्कडीने हलकेच आवळल्या, फ्यूज नवीन घातला. फ्यूज घेताना मात्र एक भानगड आहे. जुने लुकासचे काचेचे फ्यूज ज्या आकड्यावर उडतात तो आकडा त्यांच्यावर छापलेला असतो, म्हणजे 35 लिहिलेला फ्यूज कायमचा 17 अँपिअरच सोसतो. तिथे आजच्या पद्धतीचा 35 घातला, ज्याचा आकडा सतत सोसायचा असतो, तर वायरीला संरक्षण जवळपास उरलंच नाही. चांदीचा कागद, तार, खिळा वगैरे लावून फ्यूज "पक्का" करणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको, गाडीला आग लावायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

प्लसची बाजू झाली. उरलेले 1.3 व्होल्ट कुठेयत? आता एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी मोटरच्या अर्थ वायरीवर. चांगल्या अर्थला इथे 0.1, फार तर 0.2 दिसावा. आपल्याकडे 1.3, म्हणजे चोराचा दुसरा भाऊ इथे बसलाय. मोटरची काळी वायर समोरच्या पॅनलला एका बोल्टने लावलीय आणि ही गाडी काही काळापूर्वी रंगवलेली आहे. बोल्ट काढला, लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, खाली काय? छान, जाड, चकचकीत रंग. रंग म्हणजे इन्सुलेटर. करंट जातोय तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून, तिथेही गंज. रीस्टोर केलेल्या गाड्यांमध्ये हे हमखास सापडतं, जितकं रंगकाम सुंदर तितके अर्थ वाईट, आणि मालकाला तो सुंदर रंग खरवडायला जिवावर येतं. लगच्या आकाराएवढाच गोल खरवडा, लखलखीत पत्रा दिसू दे, बोल्ट घट्ट करा आणि मग वरून ग्रीस फासा. आणि लक्षात ठेवा की रेडिएटर बहुतेक रबरावर बसलेला असतो, त्यामुळे पंख्याची फ्रेम धातूची आहे म्हणून अर्थ मिळेल अशी आशा ठेवायची नाही, स्वतंत्र वायर हवीच.

परत मीटर. मोटरवर आता 13.2. आवाजातच कळतंय ना?

समजा सगळा व्होल्टेज पोचतोय आणि तरी पंखा सुस्त आहे, तर मग मोटरकडे वळा. करंट मोजा. नेहमीपेक्षा खूप जास्त घेत असेल तर बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) सुकलेत, आर्मेचर म्हणजे मोटरचा आतला फिरता भाग जड फिरतोय, फ्यूज पुन्हा पुन्हा उडण्याचं कारणही तेच. कमी घेत असेल किंवा कधी घेतो कधी नाही, तर कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश, झिजलेत किंवा खाचेत अडकलेत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या पाठीवर हलकेच टकटक केली आणि पंखा चालू झाला तर कार्बनच, दुसरं काही शोधत बसू नका. आणि टकटक करून चालू झाला म्हणून तसाच वापरत राहू नका, तो उद्या तुम्हाला चढावर सोडून जाणार.

अजून एक गंमत फक्त जुन्या ब्रिटिश गाड्यांची. साठच्या दशकापर्यंत त्यातल्या बऱ्याच पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, एमजीबी ही स्पोर्ट्स कार 1967 मध्ये निगेटिव्ह अर्थवर आली. अशी जुनी गाडी कोणी निगेटिव्हवर बदलून घेतली आणि पंख्याच्या वायरी तशाच ठेवल्या, तर कायम चुंबकाची मोटर उलटी फिरते. पंखा जोरात चालू, व्होल्टेज पूर्ण, आणि हवा मात्र आतून बाहेर, समोरून येणाऱ्या हवेशी कुस्ती. दोन वायरींची अदलाबदल केली की संपलं.

आता थोडं रिलेबद्दल, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचबद्दल. पुष्कळ जुन्या गाड्यांत रिलेच नाही, पंख्याचा सगळा करंट इग्निशन स्विच आणि थर्मोस्विचमधून जातो, आणि मग दोन्हीचे कॉन्टॅक्ट जळतात. माझं मत विचाराल तर एवढा एक बदल क्लासिक गाडीत जरूर करावा, ओरिजिनॅलिटीवाले नाक मुरडतील, मुरडू देत, रिले कुठेतरी आत लपवता येतो. रिलेच्या टर्मिनलवर नंबर असतात: 30 नंबरवर बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून. 87 वरून मोटर. 86 ला इग्निशनचा प्लस आणि 85 थर्मोस्विचमधून अर्थला. 86 आणि 85 च्या मधली रिलेची कॉइल जेमतेम 0.15-0.2 अँपिअर घेते, जुन्या स्विचला तेवढं कळतही नाही. फक्त एक, रिले टिक वाजला म्हणजे काम झालं असं नाही, टिक कॉइलची असते, आतले कॉन्टॅक्ट जळालेले असले तरी ती वाजतेच, म्हणून 30 आणि 87 च्या मध्येही लोडवर व्होल्ट मोजायचाच.

रिलेमुळे अजून एक विचित्र आजार जातो. चावी बंद केली तरी इंजिन दोन-तीन सेकंद चालतच राहतं, भूत असल्यासारखं. पंखा आणि इग्निशन कॉइल एकाच वायरीवर असले की असं होतं, कारण चावी बंद झाली तरी पंखा वेगात फिरतच असतो, आणि फिरती मोटर म्हणजे डायनामोच, ती उलटा करंट कॉइलला देते आणि ठिणगी पडत राहते. पंखा मंदावला की इंजिन बंद. लोक यासाठी कार्ब्युरेटर उघडून बसतात. वर सांगितल्यासारखा रिले लावला की चावीबरोबर 30 आणि 87 सुटतात आणि तो मागचा रस्ताच बंद होतो. मात्र 86 चा प्लस पंख्याच्या वायरीवरून घेऊ नका, सोयीचं वाटतं म्हणून बरेच जण तसंच करतात, आणि मग फिरता पंखाच रिलेला धरून ठेवतो.

आता जंपर काढायचा, वायरी परत थर्मोस्विचला, गाडी आयडलिंगवर उभी. पंखा स्वतःहून चालू होऊन स्वतःहून बंद होईपर्यंत थांबायचं, तेही एकदा नाही, दोन-तीनदा. दरम्यान हेडलाइट चालू करा म्हणजे लोड वाढेल. मग इंजिन बंद करून लगेच फ्यूज, रिले, कनेक्टर, अर्थचा बोल्ट, सगळ्यांवर बोट ठेवून बघा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नाही इतकं काही तापलं असेल, तर मीटर परत बाहेर काढा.