जाहिरात एका देशात, कायदा दुसऱ्या देशाचा

श्रोतेहो, नमस्कार.

प्रौढांसाठीच्या लैंगिक सेवांच्या जाहिराती प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळांना नेमका कोणत्या देशाचा कायदा लागू होतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. जाहिरात देणारी व्यक्ती एका देशात, ती वाचणारा दुसऱ्या देशात, सर्व्हर तिसऱ्या देशात आणि कंपनीची नोंदणी चौथ्याच देशात, अशी स्थिती या व्यवसायात नेहमी आढळते. त्यातच देशोदेशींचे कायदे एकमेकांशी जुळत नाहीत. न्यूझीलंडने २००३ साली देहविक्रय गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढला, तर स्वीडनने १९९९ पासून ग्राहकाला गुन्हेगार ठरवले. कॅनडाच्या २०१४ सालच्या कायद्यानुसार दुसऱ्याच्या लैंगिक सेवेची जाहिरात करणे हा गुन्हा आहे, मात्र स्वतःच्या सेवेची जाहिरात करणाऱ्या व्यक्तीवर त्यासाठी खटला भरला जात नाही.

इतके वेगवेगळे कायदे असले, तरी प्रत्यक्षात अमेरिकेच्या कायद्याचा प्रभाव सर्वत्र जाणवतो, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. ‘डॉट कॉम’ने संपणाऱ्या सर्व नावांची मूळ नोंदवही अमेरिकी कंपनीकडे आहे आणि जगभर चालणारी मोठी कार्डेही अमेरिकी कंपन्यांचीच आहेत. म्हणून मी पुन्हा सांगतो की संकेतस्थळ कुठेही असो, त्याचे नाव आणि त्याचे पैसे बहुधा अमेरिकेच्या हद्दीतून जातात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण शिकागो शहर ज्या कुक काउंटीत येते, तिथले आहे. तिथले शेरीफ, म्हणजे काउंटीच्या पोलीस यंत्रणेचे निवडून आलेले प्रमुख, टॉम डार्ट यांनी या जाहिरातींविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला. अल्पवयीन मुलींना या जाहिरातींतून विकले जाते, ही त्यांची तळमळ खरी होती. २००९ साली त्यांनी क्रेगलिस्ट या संकेतस्थळाविरुद्ध दावा दाखल केला आणि ते हरले. १९९६ सालच्या अमेरिकी कायद्यातील कलम २३० नुसार, इतरांनी लिहिलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळाला प्रकाशक म्हणून जबाबदार धरता येत नव्हते. क्रेगलिस्टने पुढच्या वर्षी तो विभाग स्वतःहून बंद केला, तेव्हा जाहिराती बॅकपेज या दुसऱ्या संकेतस्थळाकडे गेल्या.

न्यायालयाचा मार्ग बंद झाल्यावर डार्ट यांनी वेगळी वाट धरली. जून २०१५ च्या अखेरीस त्यांनी व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांना पत्रे लिहिली. कुक काउंटीचा शेरीफ, एक पिता आणि एक जागरूक नागरिक या नात्याने आपण लिहीत आहोत, असे सांगून अशा संकेतस्थळांवर जाहिरातीसाठी आपली कार्डे चालू देणे तत्काळ थांबवावे, अशी मागणी त्यांनी केली. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याचाही उल्लेख पत्रात होता. शेरीफांच्या कार्यालयातून व्हिसाला असेही कळवण्यात आले की कंपनीने संबंध तोडले, तर होणाऱ्या पत्रकार परिषदेचा सूर बराच बदलेल. अवघ्या काही दिवसांत दोन्ही कंपन्यांनी बॅकपेजशी असलेले व्यवहार बंद केले. अमेरिकन एक्स्प्रेसने त्याआधीच माघार घेतली होती.

श्रोतेहो, या घटनेचा आवाका लक्षात घ्यावा. एका काउंटीच्या अधिकाऱ्याची कायदेशीर हद्द त्या काउंटीच्या सीमेवर संपते. पण कार्ड कंपन्यांचे जाळे जगभर पसरलेले असल्यामुळे, जिथे हा व्यवसाय कायद्याला मान्य आहे, अशा देशांतील जाहिरातदारांचेही पैसे भरण्याचे साधन त्या पत्रांमुळे गेले.

बॅकपेजने दावा केला. सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१५ रोजी शेरीफांच्या विरोधात निर्णय दिला आणि तो न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांनी लिहिला. सरकारी अधिकाऱ्याला आपले मत मांडण्याचा पूर्ण अधिकार आहे, पण कायदेशीर कारवाईची धमकी सूचित करून तिसऱ्या पक्षाकरवी कोणाचे प्रकाशन बंद पाडणे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असे न्यायालयाने सांगितले. बॅकपेज जिंकले, परंतु कार्डे परत सुरू झाली नाहीत, कारण व्यवहार करण्याची सक्ती कार्ड कंपन्यांवर कोणीच केली नव्हती. माझे ठाम मत आहे की कोणताही कायदेशीर व्यवसाय, मग तो पुस्तकविक्रीचा का असेना, दोन-तीन खासगी कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून असू नये, आणि वीज किंवा टपाल यांच्याप्रमाणे पैसे पोहोचवण्याच्या सेवेवरही भेदभाव न करण्याचे बंधन असावे.

याचा अर्थ बॅकपेज निर्दोष होते, असा मुळीच नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने आपल्या अहवालात दाखवून दिले की अल्पवयीनांकडे निर्देश करणारे शब्द जाहिरातींतून काढून टाकून उरलेली जाहिरात प्रसिद्ध केली जात होती. ही बाब अत्यंत संतापजनक आहे. त्यातूनच २०१८ सालचा ‘फोस्टा’ हा ऑनलाइन लैंगिक तस्करीविरुद्धचा कायदा आला. तो प्रतिनिधिगृहात ३८८ विरुद्ध २५ आणि सिनेटमध्ये ९७ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. देहविक्रयाला चालना देण्याच्या हेतूने संकेतस्थळ चालवणे हा त्याने गुन्हा ठरवला आणि कलम २३० चे संरक्षण मर्यादित केले. इतक्या प्रचंड बहुमताने झालेले कायदे पुरेशा चर्चेविना होतात, असे मला वाटते.

आता तारखांकडे लक्ष द्यावे. बॅकपेजवर जप्ती आली ६ एप्रिल २०१८ रोजी, आणि नव्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली ११ एप्रिलला. म्हणजे जप्ती आधी झाली आणि कायदा नंतर आला. संघराज्याच्या फौजदारी कायद्याला कलम २३० ने कधीच अडवलेले नव्हते, म्हणून १९६१ सालचा जुना प्रवासविषयक कायदा, म्हणजे राज्यांच्या सीमा ओलांडून बेकायदा धंदा चालवण्याविरुद्धचा कायदा, आणि अवैध पैशांविषयीच्या तरतुदी बॅकपेजच्या चालकांवरील खटल्याला पुरेशा ठरल्या.

नव्या कायद्याचा फटका मात्र दूरवर बसला. मेलबर्नमधील एका गटाने त्याच सुमारास देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींसाठी स्विटर हे समाजमाध्यम सुरू केले होते. हा व्यवसाय तेव्हाही तिथे परवान्याच्या चौकटीत कायदेशीर होता, आणि संकेतस्थळाचे नाव ऑस्ट्रियातील होते. तरीही एप्रिल २०१८ मध्ये, संकेतस्थळांना सुरक्षा आणि वेग पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या अमेरिकी कंपनीने त्याची सेवा तोडली. ग्राहकांची आधी पारख करण्याची आणि धोकादायक माणसाविषयी एकमेकींना सावध करण्याची सोय अशा ठिकाणी होती, आणि ती हिरावली गेली की त्या व्यक्तींच्या जिवालाच धोका वाढतो.

तस्करीला आळा घालण्यासाठी तरी या कायद्याचा उपयोग झाला का? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जून २०२१ मध्ये याचे उत्तर दिले. तोपर्यंत नव्या फौजदारी कलमाखाली सरकारने एकच खटला दाखल केला होता. शिवाय अनेक संकेतस्थळे परदेशात गेली होती आणि पैशांचे व्यवहार गुंतागुंतीचे झाले होते. बॅकपेजकडे समन्स पाठवता येत होते. परदेशातील चालक अशा समन्सला उत्तर देण्यास बांधील नसतो, आणि त्याच्याकडून पुरावा मिळवायचा तर दोन सरकारांमधील साहाय्याच्या कराराची प्रक्रिया पूर्ण करावी लागते. ती प्रक्रिया सुरू असताना जाहिरातीतील मुलगी आहे तिथेच असते.

नमस्कार.