पुस्तकातला वीर हरतो, पडद्यावरचा जिंकतो

मंडळी, भाताची मळणी अजून आटोपलेली नाही. तरीही एवढी माणसं या वाचनालयाच्या अंगणात येऊन बसली, त्याबद्दल आधी मनापासून आभार. आजचा विषय परदेशी अद्भुत कादंबऱ्या आणि त्यांच्यावर निघालेले सिनेमे असा आहे, पण सुरुवात मी द्वारकेपासून करणार आहे.

मुसळाची गोष्ट आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकली आहे. यादवांच्या पोरांनी सांबाला बाईचा वेष चढवून ऋषींची थट्टा केली, ऋषींनी शाप दिला आणि लोखंडाचं मुसळ जन्माला आलं. घाबरून त्यांनी त्याची भुकटी केली आणि समुद्रात टाकली. भागवतात पुढं येतं की ती भुकटी लाटांबरोबर काठाला लागली, तिथं एरका नावाचं गवत उगवलं आणि त्याच गवतानं यादवांनी एकमेकांना मारलं. उरलेला तुकडा माशानं गिळला, तो जरा नावाच्या पारध्याच्या हाती लागला आणि त्याच्या बाणाचं टोक झाला. तो बाण कुणाला लागला, हे इथं सांगायची गरज नाही.

आता दुसरी सभा बघा. टॉल्किनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४ आणि ५५ मध्ये तीन खंडांत आली. तिच्यात एल्रॉन्ड नावाच्या ज्ञानी सरदाराच्या घरी सगळे जमलेत आणि जगावर सत्ता देणाऱ्या, पण बाळगणाऱ्यालाच गिळणाऱ्या एका दुष्ट अंगठीचं काय करायचं यावर खल चालू आहे. कुणीतरी सुचवतं, समुद्रात टाकून द्या. गँडाल्फ हा जादूगार म्हणतो, नको. आजचा समुद्र उद्या जमीन होईल, आपल्या पिढीपुरतं संकट टाळून भागायचं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो. हे मुसळच होतं. फरक एवढाच, की यादवांनी ते डोळ्यांआड केलं आणि ही माणसं ते जिथं घडलं त्या आगीपर्यंत पायी वाहून न्यायला निघाली.

आपल्या बहुतेक वीरकथांत वीर काहीतरी मिळवायला निघतो. अर्जुन पाशुपतास्त्रासाठी तप करतो. इथं अस्त्र हातात आहे, ते वापरलं तर युद्ध जिंकता येईल असं वाटतं, आणि ते वापरायचं नाही हाच सगळा पराक्रम. हे काम करायला राजपुत्र नाही, हॉबिट नावाच्या कमरेएवढ्या उंचीच्या जमातीतला फ्रोडो निघतो, आणि त्याच्याबरोबर त्याचा माळी, सॅम. सॅमच्या पाठीवर भांडीकुंडी आहेत. भाकरी किती दिवस पुरेल याचा हिशेब तो ठेवतो. वारीत पालखीबरोबर चालणारा पाहा, त्याच्या डोक्यावरचं गाठोडं आणि सॅमचं गाठोडं मला सारखंच दिसतं.

हा सॅम आला कुठून? टॉल्किन पहिल्या महायुद्धात इंग्रजी पलटणीत सिग्नल अधिकारी होता. १९१६ साली सोमच्या लढाईत होता. खंदकातला ताप येऊन नोव्हेंबरमध्ये मायदेशी परतला. शाळेतले त्याचे दोन जिवलग मित्र त्याच वर्षी गेले. सॅममध्ये आपण त्या युद्धातल्या साध्या शिपायांना आणि अधिकाऱ्यांची चाकरी करणाऱ्या जवानांना पाहिलं, असं त्यानं स्वतः म्हटलेलं आहे.

१९१६ म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला आणखी एक नाव आठवायला हवं. कूत. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. उपासमार होऊन एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आज बेळगावात आहे, आणि खानापूर, चंदगड, बेळगाव या पट्ट्यात पलटणीत गेलेला माणूस नाही असं गाव विरळाच. माझे पणजोबा त्या काळात बसऱ्याच्या बाजूला होते. ते परत आले. आजी सांगायची, ते सोप्यात कधी झोपले नाहीत, परड्यात उघड्यावर बाज टाकायचे. पोरं विचारायची, लढाईत काय केलंत? ते एवढंच म्हणायचे, ‘खेचरांना पाणी पाजलं.’

हे मी उगाच सांगत नाही. फ्रोडोकडे वळतो.

अग्निपर्वताच्या कड्यावर पोचल्यावर पुस्तकातला फ्रोडो हरतो. तो अंगठी टाकत नाही. ‘ही माझी आहे’ म्हणतो आणि बोटात घालतो. इतके महिने, इतकी पायपीट, आणि शेवटच्या पावलाला माणूस मोडतो. १९६३ सालच्या एका पत्राच्या मसुद्यात टॉल्किननं स्पष्ट लिहिलं आहे की फ्रोडो अपयशी ठरला, पण हे नैतिक अपयश नव्हे. जे ओझं कुणालाच शेवटपर्यंत पेलणारं नव्हतं, ते त्यानं जमेल तिथवर नेलं. मग अंगठी नष्ट कशी होते? पूर्वी ही अंगठी बाळगून तिच्या मोहानं खंगलेला गॉलम झडप घालतो, फ्रोडोचं बोट चावून तोडतो, आनंदानं नाचतो आणि तोल जाऊन आगीत पडतो. आणि हा गॉलम जिवंत का असतो? ज्याच्याकडून फ्रोडोला अंगठी आली त्या बिल्बोनं त्याला अंधारात मारायची संधी असताना मारलं नाही, म्हणून. फ्रोडोला दया आली, म्हणून. शेवटी तर सॅमची तलवारही थांबली, म्हणून. तीन वेगवेगळ्या वेळी न उगारलेला हात हे या कादंबरीतलं सगळ्यात मोठं शस्त्र आहे.

पीटर जॅक्सनच्या सिनेमात (२००१, २००२ आणि २००३, शेवटच्याला अकरा ऑस्कर) इथं बदल केला आहे. बोट तुटल्यावर फ्रोडो उठतो, गॉलमशी झटापट करतो आणि दोघं मिळून कड्यावरून जातात. फ्रोडो लोंबकळतो, सॅम त्याला वर ओढतो. प्रसंग थरारक आहे, मीही श्वास रोखून पाहिला. तरी मला तो बदल मान्य नाही. प्रेक्षकाला नायकानं शेवटी काहीतरी करायला हवं असतं, म्हणून दयेचं फळ झटापटीच्या नावावर जमा झालं.

वाटेत फ्रोडो आणि सॅमला पकडणाऱ्या फारामिर या सरदाराचंही तसंच. पुस्तकात तो म्हणतो, रस्त्यात पडलेली सापडली तरी मी ती उचलणार नाही, आणि दोघांना जाऊ देतो. सिनेमात तो त्यांना धरून ऑस्गिलियाथ या उद्ध्वस्त शहरापर्यंत नेतो, मगच सोडतो. मोह न होणारा माणूस पडद्यावर उभा केला तर अंगठीची भीती कमी होईल, असा त्यामागचा विचार. तो विचार मला कळतो. पण मोहापुढं आधीच ठाम असलेली माणसंही असतात. आपल्या प्रत्येक गावात एखाद-दुसरं असतंच.

उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ च्या अर्थसी कादंबरीत तर शेवटी युद्धच नाही. गेड हा तरुण जादूगार आपल्या मागं लागलेल्या सावलीला स्वतःच्याच नावानं हाक मारतो. सावळ्या वर्णाच्या या नायकाला २००४ च्या टीव्ही मालिकेत गोरा नट दिला, आणि लेखिकेनं त्याचा जाहीर निषेध केला. तेवढंच सांगून पुढं जातो, कारण मला घरी परतण्याबद्दल बोलायचं आहे.

सिनेमात न आलेलं एक प्रकरण आहे. फ्रोडो, सॅम आणि त्यांचे दोन सोबती असे चौघं हॉबिट शायर या आपल्या मुलखात परततात तर झाडं तोडलेली, पीक मोजून नेलेलं, भिंतीवर नियमांच्या याद्या. गाव जागेवरच होतं, पण ओळखीचं राहिलं नव्हतं. सीमाभागातल्या आपल्या आजोबांनी १९५६ मध्ये उंबरठा न ओलांडता असंच काहीसं अनुभवलं. म्हणून या प्रकरणापाशी मी दर वेळी थांबतो. चकमक होते, एकोणीस हॉबिट मरतात. फ्रोडो तलवार उपसत नाही, शरण आलेल्यांना कुणी मारू नये म्हणून मध्ये उभा राहतो. मग सॅम भेट मिळालेल्या मातीचा एकेक कण टाकून गावभर झाडं लावतो.

हे वगळलं म्हणून मी सिनेमावर बरीच वर्षं रागावलो होतो. आता तेवढा राग नाही. कारण तिथं एक छोटा प्रसंग आहे. चौघं गावच्या मद्यशाळेत बसलेत, बाजूला लोक एका मोठ्या भोपळ्याचं कौतुक करताहेत, यांच्याकडे कुणाचं लक्षही नाही. चौघं एकमेकांकडे बघतात आणि पेले उचलतात. बोलत कुणीच नाही. परड्यातली बाज मला तिथं दिसली.

फ्रोडोची जखम दर वर्षी ठरलेल्या दिवशी दुखते. सहा ऑक्टोबरला खांदा, तेरा मार्चला विषाचा दंश. गाव वाचलं, पण त्याच्यासाठी नाही, हे तो सॅमला समजावून सांगतो आणि जहाजानं निघून जातो. सॅम मागं फिरतो. दिवा लागलेला, जेवण तयार. बायको त्याला खुर्चीत बसवते, लेक मांडीवर देते. आपण घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो. एवढ्या मोठ्या कादंबरीत सॅमचं शेवटचं वाक्य त्याच ‘येतो’चं उत्तर आहे. तो एक मोठा श्वास घेतो आणि म्हणतो, ‘आलो बरं का.’