२८० टन झेलणारी वीट, आणि तरी पाझरणारी भिंत

[टेबलावर दोन विटा शेजारी शेजारी. एक फिकट लाल, दुसरी जांभळट निळी.]

नमस्कार. बोलण्याआधी एक थेंब टाकते, बघत राहा.

ही साधी लाल वीट. पाण्याचा थेंब टाकला... गेला. प्यायली ती. ओला डाग तेवढा उरला. आता ही निळी. थेंब टाकला. एक, दोन, तीन, चार... बसलाय तसाच. अगदी अळवावरचं पाणी नाही, घरंगळत नाहीये, पण आत शिरायला त्याला वाट सापडत नाहीये. असू दे तो तिथेच.

आता कान द्या. दोन लाल विटा एकमेकींवर आपटते. भद्द. आता दोन निळ्या.

[खणखणीत आवाज]

चिनीमातीची बशी वाजल्यासारखं वाटलं ना? ते उगाच नाही वाटलं. ही वीट निम्मी त्याच जातकुळीतली आहे.

ब्रिटनमध्ये हिला इंजिनिअरिंग ब्रिक म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तिथे रेल्वेचे पूल, कालवे, बोगदे, मैलापाण्याची गटारं यांचा सपाटा चालला होता, आणि हे सगळं अशा ठिकाणी की साधी वीट दोन हिवाळ्यांत रडकुंडीला येईल. सतत ओल, वरून गाड्यांचं ओझं, गटाराच्या तळाशी वाळू-खडे घासत जाणारं पाणी. ही निळी वीट मूळची इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरची. म्हणून नाव स्टॅफर्डशायर ब्लू.

आधी आकडे उरकते, कारण कॉमेंटमध्ये पहिला प्रश्न तोच येणार. ब्रिटिश वर्गवारीत या विटांचे दोन वर्ग आहेत. क्लास ए: दाब सोसायची ताकद प्रत्येक चौरस मिलिमीटरला किमान १२५ न्यूटन आणि पाणी शोषण जास्तीत जास्त ४.५ टक्के. क्लास बी: ७५ न्यूटन आणि ७ टक्के. जुनी ब्रिटिश पुस्तकं उघडलीत तर ७० आणि ५० असे आकडे दिसतील. ते आधीच्या मानकाचे आहेत, गोंधळू नका.

पण १२५ न्यूटन म्हणजे किती? ब्रिटिश वीट २१५ मिलिमीटर लांब आणि १०२.५ मिलिमीटर रुंद. आडव्या ठेवलेल्या विटेचं क्षेत्रफळ साधारण २२ हजार चौरस मिलिमीटर. गुणाकार केला की येतात जवळजवळ २८० टन. एका विटेवर! चाळीस-चाळीस टनांचे सात ट्रक एकावर एक रचा... नको, मोजूच नका, विटेआधी ट्रक चेपतील.

पाण्याचंही तसंच करून बघू. क्लास ए वीट ३ किलोची धरली, तर तिच्या पोटात जास्तीत जास्त १३५ ग्रॅम पाणी मावेल. अर्ध्या कपाच्या थोडं वर. २० टक्के शोषणारी साधी वीट सव्वादोन किलोची असली तरी ४५० ग्रॅम पिऊन बसते.

[पुन्हा निळी वीट हातात]

आता खरी गंमत. लोकांना वाटतं की ताकद हा एक गुण आणि पाणी न पिणं हा दुसरा गुण, आणि या विटेत नशिबाने दोन्ही आले. तसं नाही. दोन्हींचं कारण एकच आहे: आत पोकळ जागा कमी. साधी वीट म्हणजे मातीचे कण एकमेकांना जेमतेम चिकटलेले आणि मध्ये असंख्य बारीक भोकं. पाणी याच भोकांतून केशाकर्षणाने आत ओढलं जातं. आणि दाब आला की तडा सुरू होतो तोही याच भोकांच्या कडेने.

मग भोकं बुजवायची कशी? भट्टीत. वीट तापत जाते तसं आधी तिच्यातलं ओलेपण जातं. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रचनेतच बांधलेलं पाणी सुटतं, आणि तिथून पुढे ती माती राहत नाही. पाण्यात टाकली तर तिचा चिखल होणार नाही. मग सेंद्रिय अंश जळतो. इथे घाई केलीत की विटेच्या पोटात काळा गाभा राहतो आणि पुढे वायू अडकून वीट फुगते. हजार अंशांच्या वर गेलं की मातीतले पोटॅशियम, सोडियम, लोह यांचे अंश सिलिकाला हाताशी धरून थोडे थोडे वितळायला लागतात. हा चिकट रस कणांच्या मधल्या फटींत शिरतो, कणांना जवळ ओढतो. वीट आकसते. आणि थंड झाली की तो रस काच होतो. मघाचा खणखणाट या काचेचा.

आपल्याकडे या अवस्थेला फार जुना शब्द आहे: खंगर. आगीच्या अगदी जवळ सापडून वितळल्यासारखी झालेली, काळी, वेडीवाकडी वीट. खंगर वीट टणक असते, पण तिने सरळ भिंत बांधून दाखवा! स्टॅफर्डशायरच्या भट्टीवाल्यांचं कसब इथे आहे. वीट खंगर होण्याच्या उंबरठ्यापर्यंत न्यायची आणि कोपरे काटकोनातच ठेवून परत आणायची. थोडं कमी तापलं तर ती पाणी पिणार, थोडं जास्त तापलं तर ढेपाळणार.

यात त्यांना साथ मिळाली तिथल्या मातीची. तिचं नाव एट्रुरिया मार्ल. कोळशाच्या युगातली, ३० कोटी वर्षांहून जुनी, लोहाने भरलेली लाल माती. हो, लाल. निळा रंग मातीत नाही, कुणी घातलेलाही नाही. हीच माती भरपूर हवा देऊन भाजली तर वीट लालच निघते. पण शेवटच्या टप्प्यात, ११०० ते १२०० अंशांच्या आसपास, भट्टीची हवा कोंडायची आणि कोळसा धुमसत ठेवायचा. आगीला प्राणवायू हवा असतो, बाहेरून मिळत नाही, मग ती मातीतल्या लोहाचा हिसकावून घेते. लाल गंजासारखं लोह काळपट रूपात जातं आणि वीट निळी होते.

रंगाची गोष्ट इथेच संपली असती तर मी एवढा वेळ घेतला नसता. हे प्राणवायू गमावलेलं लोह सिलिकाला वितळवायला जास्त जोरकस असतं. म्हणजे त्याच तापमानाला जास्त रस, जास्त काच, कमी भोकं. एकाच धुमसत्या आगीने रंगही दिला आणि टणकपणाही.

पण म्हणून निळी म्हणजे चांगली, असं समजू नका. इंग्लंडमधल्याच लँकशायरमध्ये ॲक्रिंग्टनजवळ ज्या विटा बनतात त्या भडक लाल, आणि टणकपणात कुठेही कमी नाहीत. त्यांच्यावर नाव असतं नोरी. इंग्रजीतला लोखंडाचा शब्द उलटा वाचलात की नोरी होतं. साच्यावर अक्षरं उलटी कोरली गेली आणि तेच नाव पडलं, अशी कथा सांगतात. खरी असो नसो, मला आवडते. उलट, नुसती कातडी निळी आणि आतून साधी लाल, अशा विटाही असतात. तेव्हा रंग बघू नका, शोषण आणि ताकदीचे आकडे विचारा.

हे शोषण मोजायची रीत मजेशीर आहे. वीट भट्टीत पूर्ण वाळवून वजन करायची, मग ५ तास चक्क पाण्यात उकळायची आणि परत वजन करायची. उकळायची कशाला? नुसती बुडवून ठेवली तर भोकांत हवा अडकून बसते आणि पाणी सगळीकडे पोचत नाही. उकळल्यावर ती हवा निघून जाते. म्हणून घरी बादलीत बुडवून मोजलेला आकडा उकळून काढलेल्या आकड्यापेक्षा कमीच येईल. त्यावर हुरळून जाऊ नका.

[वीट खाली ठेवते]

इथवर विटेचं कौतुक झालं. आता भिंतीकडे या, कारण माझा मुद्दा खरा तिथे आहे.

वीट १२५ ची. मग भिंत किती? चांगल्या सिमेंटच्या मालात बांधली तरी भिंतीची ताकद विटेच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. वरून दाब आला की सांध्यातला माल विटेपेक्षा मऊ असल्याने बाजूला पसरू बघतो. तो वर-खाली विटेला चिकटलेला असतो, म्हणून जाताना विटेलाही आडवं ताणतो. आणि वीट दाबाला वाघ असली तरी ताणाला शेळी आहे. म्हणून भिंत मोडते तेव्हा वीट चुरडत नाही, ती उभी चिरते.

पाण्याचंही तेच. साध्या विटेची जाड भिंत पावसात घोंगडीसारखी वागते: पाणी पिते, धरून ठेवते, ऊन पडलं की सोडते. इंजिनिअरिंग विटेची भिंत म्हणजे रेनकोट. एक थेंब पीत नाही, सगळं पाणी पृष्ठभागावरून खाली. आणि खाली येताना त्याला काय भेटतं? सांधा. दर थराला एक. वाटेत कुणी पीत नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर जास्तच पाणी येतं. एखादी केसाएवढी फट असली की रेनकोटची शिवण उसवली म्हणून समजा. वीट पाणी पीत नाही याचा अर्थ भिंत गळत नाही असा होत नाही, हे दहा वेळा सांगायला तयार आहे.

गवंड्याला ही वीट का आवडत नाही, तेही यातच आलं. साधी वीट मालावर ठेवली की मालातलं पाणी ओढून घेते आणि दोन मिनिटांत घट्ट बसते. तिची तहान इतकी असते की लावण्याआधी ती भिजवून घ्यावी लागते. ही निळी वीट मात्र भिजवायची नाही, कोरडीच लावायची. ती पाणी ओढत नाही, मालावर तरंगते, घसरते. ओळंब्यात लावलेली वीट वरचे तीन थर चढले की हलते. म्हणून माल जरा घट्ट ठेवायचा, आणि एका दिवसात फार उंची गाठायची नाही. घाईचा ठेकेदार आणि इंजिनिअरिंग वीट यांचं पटत नाही.

एका कामात मात्र हिला तोड नाही. जमिनीतून भिंतीत चढणारी ओल अडवायला ब्रिटनमध्ये जुनी पद्धत आहे: पायाच्या वर या विटांचे दोन थर, सिमेंटच्या तगड्या मालात. आता यासाठी प्लॅस्टिकचा पट्टा येतो, मग विटा कशाला? घराच्या भिंतीत पट्टा चालतो, वर घराचं वजन असतं. पण बागेची सुटी भिंत किंवा मागे माती धरून ठेवणारी भिंत घ्या. त्यात आडवा पट्टा घातलात की तिथे भिंतीचे दोन तुकडे झाले. वारा किंवा मातीचा रेटा आला की वरचा तुकडा सरकू शकतो, उलटू शकतो. विटांचा थर भिंतीला जोडून ठेवतो आणि ओलही रोखतो. एक लक्षात ठेवा: हे दोन थर खालून वर चढणाऱ्या ओलीसाठी. वरून झिरपणारं पाणी ते भरवशाने अडवत नाहीत, कारण पुन्हा तेच, सांधे.

जुन्या पुलांच्या डागडुजीत हिचा एक तोटाही दिसतो. इंग्लंडमधला हॅरिंगवर्थचा रेल्वेपूल, ८२ कमानींचा. मूळच्या विटा तिथल्याच मातीच्या, त्या झिजल्या तिथे जागोजागी निळ्या विटांची ठिगळं लावली आहेत. ठिगळ घट्ट राहतं. पण मऊ विटांच्या भिंतीत टणक ठिगळ बसवलं की जे पाणी आधी सगळ्या भिंतीभर पसरून सुकायचं, ते आता शेजारच्या मऊ विटांतून वाट काढतं. थंडीत तिथे बर्फ धरतो, पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि मऊ विटेचे पापुद्रे निघतात.

शेवटी सेव्हर्नचा बोगदा, हा मी मुद्दाम राखून ठेवला होता. इंग्लंड आणि वेल्स यांच्यामध्ये सेव्हर्न नदीच्या खाडीखालून जाणारा, सुमारे ७ किलोमीटरचा रेल्वे बोगदा. १८७९ मध्ये खोदताना वेल्सच्या बाजूला जमिनीखालचा एक प्रचंड झरा फुटला आणि कामं पाण्याखाली गेली. पुढे पाणी उपसलं, झऱ्याला भिंतीआड कोंडलं, आणि अख्ख्या बोगद्याला काचेसारख्या भाजलेल्या विटांचं अस्तर केलं. विटा लागल्या ७ कोटी ६४ लाख. अस्तर पूर्ण झालं, तेव्हा ठरलं की आता उपसा थांबवून बघू. पाणी बाहेर राहील, वीट आतून तोलून धरेल.

अस्तरामागे दाब चढत गेला. विटेने पाणी प्यायलं नाही, पण पाण्याला घाई नव्हती. दाब वाढता वाढता अस्तरातल्या विटा फुटायला लागल्या. मग अभियंत्यांनी हट्ट सोडला, झऱ्यासाठी वेगळी विहीर खोदली आणि कायमचे पंप बसवले. १८८६ मध्ये गाड्या सुरू झाल्या. वेल्सच्या बाजूला सडब्रुक गावी बसवलेले हे पंप तेव्हापासून उपसतायत, दिवसाला सुमारे ५ कोटी लिटर.