आधी झोपा, मग नाच

(दृश्य : शाळेचं मैदान, मागे पऱ्हाटी. लेझीमचा ठेका.)

अमरावती जिल्ह्यातला खारपाणपट्टा. शनिवारची सकाळची शाळा. सातवीच्या मुलींची लेझीम रंगात आलीय, पण शेवटच्या रांगेतली एक दर वेळी अर्धा ठोका मागे. शेजारणीचे पाय बघून ती वाकते, तोवर शेजारीण उठलेली असते. खेळाच्या मॅडम रागावत नाहीत. लेझमी भिंतीला टेकवायला लावतात, व्हरांड्यात सतरंज्या अंथरतात.

“झोपा.”

“मॅडम, आमाले नाच शिकाचा हाये, झोपाचं नाही!”

(दृश्य : जुनी छायाचित्रं.)

ही रीत अमेरिकेतल्या मॅडिसन शहरी, विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवणाऱ्या मार्गारेट एचडब्लर यांची. जीवशास्त्राच्या पदवीधर, काम मुलींना बास्केटबॉल शिकवण्याचं. नाचाशी देणंघेणं नाही. १९१६ मध्ये त्या शिकायला न्यूयॉर्कला निघाल्या, तेव्हा विभागप्रमुख ब्लांश ट्रिलिंग यांनी कामगिरी सोपवली : कॉलेजात शिकवण्याजोगा नाच कुठे सापडतो का, बघा. बाईंनी वर्ग पालथे घातले, मन कुठेच बसेना. शेवटी ॲलिस बेंटली या संगीतशिक्षिकेकडे माणसं जमिनीवर पडून हालचाली करताना दिसली, आणि जीवशास्त्रवालीची ट्यूब पेटली. उभं राहिलं की निम्मं लक्ष तोल सांभाळण्यात जातं. आडवं पडलं की सांधा कुठवर वळतो ते ज्याचं त्याला कळतं.

१९१७ च्या उन्हाळ्यात त्यांनी मॅडिसनला वर्ग सुरू केले. वर्गात हाडांचा सांगाडा, कधी मुलींच्या डोळ्यांवर पट्टी. नक्कल करायला पावलं दाखवायची नाहीत. १९२६ मध्ये नृत्य हा मुख्य विषय असलेला अमेरिकेतला पहिला पदवी अभ्यासक्रम तिथे सुरू झाला, तोही शारीरिक शिक्षणाच्या विभागात. १९५४ पर्यंत बाई शिकवत राहिल्या. स्वतः रंगमंचावरच्या नर्तिका कधीच नव्हत्या; मला तर हेच फार आवडतं.

व्यायामाचं आपल्याकडे नवल नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ ला त्यांचा चमू बर्लिन ऑलिंपिकमध्ये देशी खेळ दाखवून आला. पण गावच्या शाळेत कवायत म्हणजे सगळ्यांचं एकसारखं, आणि नाच आठवतो गॅदरिंगच्या आठ दिवस आधी. कुणाचा पाय कुठे अडतो, हे विचारणार कोण?

(दृश्य : व्हरांडा.)

शेवटच्या रांगेतली ती डोळे मिटून पडलीय. उजवा गुडघा पोटाशी घेते, सोडते. मग डावा. टाचेखाली सतरंजीला चुणी पडते. ती पुन्हा करून बघते.

“मॅडम, माहा डावा पाय उशिरा येते.”

“मंग त्याले आधी निघू दे.”

(लेझीमचा ठेका.)